चिद्वादाची स्वस्त आवृत्ति

प्रस्तुत युग हें जडवादाचें युग आहे, असें म्हणण्याचा आपल्याकडे फार दिवसांचा प्रघात आहे. व्याख्यानाच्या आरंभीं हें वाक्य उच्चारलें कीं श्रोते माना डोलावतात आणि वक्ता पुढील तासाभरापुरता निर्धास्त होतो. पैसा, यंत्रें, वाहनें आणि उपभोग ह्यांच्या मागें धांवणारा समाज जडवादी नाहीं तर काय, असें कोणीही विचारील. मला ह्या लेखांत नेमकें उलट म्हणावयाचें आहे. आजचा सुशिक्षित समाज जड वस्तूंचा लोभी असेल. पण लोभ ही वृत्ति आहे आणि जडवाद हें मत आहे, आणि वृत्तीवरून मताचें अनुमान करतां येत नाहीं. मत म्हणून पाहूं गेल्यास हा समाज गळ्यापर्यंत चिद्वादांत बुडालेला आहे. मात्र हा चिद्वाद वसुबंधूचा नव्हे, बर्क्लेचा नव्हे, कांटचाही नव्हे. त्या थोर इमारतींच्या विटा काढून बाजारांत जी टपरी उभी राहिली आहे, तिच्यांत विकला जाणारा हा माल आहे.

प्रथम शब्दांचा निकाल लावूं. इंग्रजींत ‘आयडियॅलिझम’ ह्या एकाच शब्दावर दोन अर्थांचें ओझें पडलें आहे. मराठीनें येथें अधिक विवेक दाखवून दोन शब्द केले: ध्येयवाद आणि चिद्वाद. जग आज जसें आहे तसें तें राहूं नये, त्याला अधिक चांगलें करणें हें माझें कर्तव्य आहे, असें ध्येयवाद म्हणतो. जग हें मुळांत ज्ञानरूप आहे, ज्ञात्यावांचून ज्ञेयाला स्वतंत्र अस्तित्व नाहीं, असें चिद्वाद म्हणतो. पहिल्याचा विषय कर्तव्य, दुसऱ्याचा विषय सत्ता. दोन्ही एकाच माणसाच्या ठायीं असूं शकतात. लोकमान्यांनीं ‘गीतारहस्यां’त (१९१५) ज्याचा आदरानें उल्लेख केला आहे, तो ऑक्सफर्डचा टी. एच. ग्रीन हा चिद्वादी होता. पण तोच ग्रीन १८७६ सालीं त्या शहराच्या नगरसभेवर निवडून गेला आणि शाळा व मद्यपाननिषेध ह्यांसाठीं झटत राहिला. जग चिन्मय आहे म्हणून गटारें आपोआप स्वच्छ होतील, असें त्याच्या मनांतही आलें नाहीं. आमची तक्रार अशी आहे कीं, आजच्या समाजानें ध्येयवाद टाकून दिला आणि चिद्वाद तेवढा उचलला. आणि तोही मूळ ग्रंथ न वाचतां, स्वस्त आवृत्तींतून.

मूळ ग्रंथ काय म्हणत होते तें थोडक्यांत पाहिल्याखेरीज ह्या आवृत्तींतील पाठभेद ध्यानांत यावयाचा नाहीं. बर्क्लेनें १७१० सालीं जड द्रव्याचें अस्तित्व नाकारलें. डॉक्टर जॉन्सननें दगडाला लाथ मारून त्याचें खंडन केल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. पण ती लाथ बर्क्लेला लागत नाहीं. दगड लागतो, पाय दुखतो, हें त्यानें कधींच नाकारलें नव्हतें. इतकेंच नव्हे, तर डोळे उघडल्यावर काय दिसावें हें माझ्या इच्छेवर अवलंबून नाहीं, ह्याच गोष्टीवर त्यानें ईश्वराच्या अस्तित्वाचा युक्तिवाद उभारला. वसुबंधूनें ‘विंशतिके’त बाह्यार्थ नाकारला, पण अनेकांना एकच दृश्य कां दिसतें, हा आक्षेप त्यानें टाळला नाहीं, आणि समान कर्माचा समान विपाक असें त्याचें उत्तर दिलें. म्हणजे तेथेंही जग माझ्या लहरीवर चालत नाहीं. कांट तर ह्या बाबतींत इतका दक्ष कीं, १७८१ च्या ग्रंथावरून लोकांनीं आपल्याला बर्क्लेच्या पंक्तीला बसविलें असें दिसतांच त्यानें १७८७ च्या दुसऱ्या आवृत्तींत चिद्वादाच्या खंडनाचें एक प्रकरणच घातलें. त्याच ग्रंथांत शंभर नाण्यांचा दृष्टान्त आहे. कल्पनेंतील शंभर नाणीं आणि खिशांतील शंभर नाणीं ह्यांच्या संकल्पनेंत एका नाण्याचाही फरक नाहीं. फरक पडतो तो माणसाच्या सांपत्तिक स्थितींत. हा दृष्टान्त आजच्या प्रत्येक ‘श्रीमंतीच्या कार्यशाळे’च्या दारावर टांगण्यासारखा आहे.

आपल्या परंपरेंत तर ह्या प्रश्नाचा निकाल अधिकच स्पष्टपणें लागला आहे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादांत शंकराचार्य विज्ञानवादाचा समाचार घेतात. जगाला मिथ्या म्हणणारा हा आचार्य, त्यानें तरी विज्ञानवादाशीं सलोखा करावा अशी आपली अपेक्षा. पण ते विचारतात: खांब पाहणारा खांबाचें ज्ञान पाहतो कीं खांब पाहतो? ज्ञानांतील आकार हा बाहेरच्या वस्तू‘सारखा’ भासतो, असें प्रतिपक्षी म्हणतो; पण जी वस्तु मुळांतच असंभाव्य, तिच्यासारखें कांहीं कसें भासेल? विष्णुमित्र हा वंध्यापुत्रासारखा दिसतो असें कोणी म्हणत नाहीं. व्यवहाराच्या पातळीवर आचार्यांनीं खांबाला खांबच राहूं दिलें. अद्वैताच्या नांवानें ‘सर्व मनाचा खेळ आहे’ असें सांगत फिरणाऱ्या आमच्या आजच्या बाबाबुवांनीं निदान एवढें तरी भाष्य वाचावयास हवें होतें.

मग ही स्वस्त आवृत्ति निघाली कोठून? तिचा छापखाना अमेरिकेंत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मेन प्रांतांत फिनियस क्विम्बी नांवाचा एक घड्याळजी होता. रोग म्हणजे रोग्याची चुकीची समजूत, ती काढून टाकली कीं रोग गेला, असें तो मानूं लागला. त्याच्याकडे १८६२ सालीं उपचारासाठीं आलेल्या मेरी बेकर एडी ह्या बाईंनीं १८७५ मध्यें आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पुढें एक पंथच स्थापिला. जडाला सत्ता नाहीं, म्हणून रोगालाही सत्ता नाहीं, हें त्याचें सूत्र. विल्यम जेम्सनें १९०२ मध्यें ह्या ‘मनोपचारा’ची दखल सहानुभूतीनें घेतली. पुढें मंदीच्या काळांत, १९३७ सालीं, नेपोलियन हिलनें हेंच तत्त्व आरोग्यावरून पैशावर आणलें. १९५२ मध्यें नॉर्मन व्हिन्सेंट पील ह्या धर्मोपदेशकानें त्याला ‘पॉझिटिव्ह थिंकिंग’ म्हणून घरोघर पोंचविलें. आणि २००६ सालीं ऱ्होंडा बर्न ह्या ऑस्ट्रेलियन बाईंनीं ‘द सीक्रेट’ ह्या नांवाखालीं त्याचा चित्रपट व पुस्तक काढून तें जगभर विकलें. विचार हा लोहचुंबकासारखा असून इच्छिलेली वस्तु तो ओढून आणतो, हा तिचा सिद्धान्त. आज ‘मॅनिफेस्टेशन’ ह्या नांवानें आमच्या घरांतील मुलें ज्या वह्या भरतात, त्यांचें गोत्र हें असें आहे.

ह्या वंशावळींत तर्काची चोरी नेमकी कोठें झाली, तें दाखविणें सोपें आहे. कारण मराठी भाषेनेंच तें दाखवून ठेविलें आहे. ‘मनावांचून जग नाहीं’ हें एक विधान, आणि ‘जग माझ्या मनासारखें होईल’ हें दुसरें. पहिलें खरें असो वा खोटें, त्यासाठीं अडीच हजार वर्षें बुद्धिमान माणसें भांडलीं आहेत. दुसऱ्यासाठीं भांडण्याचें कारणच नाहीं. दोन वर्षांच्या मुलाखेरीज कोणी तें मनापासून मानीत नाहीं. पण पहिल्याची प्रतिष्ठा दुसऱ्याला चिकटविली कीं बालहट्टाला तत्त्वज्ञानाची शाल मिळते. ‘मन’ ह्या शब्दाचा अर्थ पहिल्या विधानांत ज्ञान असा आहे, दुसऱ्यांत इच्छा असा आहे. सारा व्यापार ह्या एका श्लेषावर चालला आहे.

कोणी म्हणेल, असेना का! बिचाऱ्या माणसांना थोडा धीर येत असेल तर प्राध्यापकांनीं तर्कशास्त्राची छडी कशाला उगारावी? उत्तर असें कीं, हा धीर फुकट मिळत नाहीं. त्याची किंमत दुसऱ्या हातानें वसूल केली जाते. विचारानें रोग बरा होत असेल, तर जो बरा झाला नाहीं त्याचा विचारच खोटा ठरतो. विचारानें संपत्ति येत असेल, तर दरिद्री मनुष्य हा आपल्या दारिद्र्याचा कर्ता ठरतो. आमच्या जुन्या कर्मसिद्धान्तावर हाच आक्षेप घेतला जात असे आणि तो योग्यही होता. पण त्यांत एक करुणा होती. पूर्वजन्मींचें पाप कोणाला आठवत नसे. म्हणून दोष असूनही त्याची लाज नसे. नव्या मतांत पाप कालच्या विचाराचें आहे. तें आठवतें, बोचतें, आणि आजाऱ्याला रात्रीं झोपूं देत नाहीं.

ही अतिशयोक्ति नव्हे. १९८६ सालीं बॉस्टनमध्यें एका दोन वर्षांच्या मुलाला आंतड्याचा विकार झाला. शस्त्रक्रियेनें बरा होण्यासारखा तो विकार होता. पण आईबाप एडीबाईंच्या पंथाचे असल्यामुळें डॉक्टर आला नाहीं, प्रार्थना झाली, आणि मूल गेलें. १९९० मध्यें आईबाप दोषी ठरले. १९९३ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें तो निर्णय कायद्याच्या मुद्द्यावर फिरविला. ते आईबाप क्रूर नव्हते, हीच ह्या प्रकरणांतील भयंकर गोष्ट. त्यांनीं एका मताचें प्रामाणिकपणें आचरण केलें. आमच्याकडे मत इतक्या टोकाला जात नाहीं, हें खरें. पण कर्करोगानें खंगलेल्या बाईच्या उशाशीं बसून ‘तूं सकारात्मक राहा, सगळें तुझ्या मनावर आहे’ असें सांगणारे नातेवाईक कोणत्या सुशिक्षित घरांत नसतात? १०९३ रुग्णांच्या पाहणीचा निष्कर्ष २००७ सालीं प्रसिद्ध झाला. डोकें व मान ह्यांच्या कर्करोगांत रुग्णाच्या मनःस्थितीवरून तो किती जगेल हें सांगतां येत नाहीं, असें तींत आढळलें. सूझन सोंटॅग ह्या विदुषीनें स्वतः त्या रोगाशीं झगडल्यावर १९७८ मध्यें एक छोटा ग्रंथ लिहून हेंच सांगितलें होतें, कीं रोगाला स्वभावाचा अर्थ चिकटविणें म्हणजे रोग्याला दुहेरी शिक्षा करणें होय. उशाशीं बसणाऱ्यानें औषधाची वेळ पाहावी, पाणी द्यावें, हात हातांत घ्यावा. तत्त्वज्ञान सांगूं नये. निदान खोटें सांगूं नये.

मनाचा शरीरावर परिणाम होतो, हें मी नाकारीत नाहीं. भीतीनें वेदना वाढते, विश्वासानें ती कमी होते. डॉक्टरच्या शब्दानें पुष्कळदां अर्धें दुखणें हलकें होतें. हें सर्व मान्य. पण ‘परिणाम होतो’ ह्याचा अर्थ ‘निर्मिति होते’ असा नव्हे. वाऱ्यानें नाव हलते. म्हणून वाऱ्यानें नाव बांधली असें कोणी म्हणत नाहीं.

हीच कथा उपजीविकेची. मी गेलीं तीस वर्षें तत्त्वज्ञान शिकवीत आहें. पूर्वींचा पदवीधर नोकरी मिळाली नाहीं म्हणजे सरकारला, वशिल्याला, नशिबाला नांवें ठेवी. त्यांत अन्याय पुष्कळ असे. पण कारण बाहेर शोधावें, ही वृत्ति निरोगी होती, कारण तींतून कधीं संघटना निघे, कधीं मोर्चा, कधीं निदान एखादा चांगला अर्ज. आजचा पदवीधर खालीं मान घालून सांगतो, ‘सर, माझाच माइंडसेट चुकला.’ किती जागा होत्या, किती अर्ज आले, हा हिशोब तो करीतच नाहीं. आणि ह्या मनोराज्याचा उपयोग तरी होतो काय? गाब्रिएले एटिंगेन ह्या मानसशास्त्रज्ञ बाईंनीं पदवीधरांचीच पाहणी करून २००२ सालीं दाखविलें कीं, नोकरीचीं गोड स्वप्नें वारंवार रंगविणाऱ्यांना पुढें नोकऱ्याही कमी मिळाल्या आणि पगारही कमी. उलट, यश मिळेल अशी अनुभवावर आधारलेली अपेक्षा असणाऱ्यांचें चांगलें चाललें. ह्यांत नवल नाहीं. जें मनांत मिळून चुकलें, त्यासाठीं हातपाय कोण हालविणार?

ह्या मतानें अलीकडे विज्ञानाचाही अंगरखा चढविला आहे. निरीक्षकानेंच सत्य निर्माण होतें असें पुंजयामिकीनें सिद्ध केलें, असें आमचे विद्वान वक्ते ठणकावून सांगतात. त्या शास्त्रांत ‘निरीक्षण’ म्हणजे सूक्ष्म कणाची एखाद्या यंत्राशीं वा परिसराशीं होणारी गांठ. त्यासाठीं तेथें डोळा असावाच लागतो असें नाहीं, इच्छा तर नाहींच नाहीं. हायझेनबर्गनेंही निरीक्षकाचें काम नोंद घेण्यापुरतें मर्यादित ठेविलें आणि तें काम यंत्रानेंही भागतें असें बजाविलें. त्या समीकरणांच्या अर्थाविषयीं शास्त्रज्ञांत आजही तीव्र मतभेद आहेत. पण त्यांतील एकाही गंभीर पक्षाच्या मतें मनांत आणल्यानें इलेक्ट्रॉन डावीकडे वळत नाहीं. मग पगारवाढ कशी वळावी?

खाजगी जीवनांतून सार्वजनिक जीवनांत यावें, तर तेथें ह्याच मताचें दुसरें रूप भेटतें. बर्क्लेच्या मतें असणें म्हणजे जाणिवेंत येणें. आमच्या काळीं असणें म्हणजे नोंदींत येणें, छायाचित्रांत येणें, अहवालांत येणें. सहल झाली, पण तिचें छायाचित्र चार लोकांनीं पाहिलें नाहीं, तर ती झाली कीं नाहीं ह्याची मुलांना शंका येते. मुलांना हंसण्याचा मोठ्यांना अधिकार नाहीं. कारण ज्या महाविद्यालयांत आम्ही शिकवितों, तेथें तास झाला कीं नाहीं ह्यापेक्षां तासाचा पुरावा फाइलींत लागला कीं नाहीं, हा प्रश्न अधिक मोलाचा झाला आहे. अपंगांना ‘दिव्यांग’ म्हणूं लागलों, ठीक केलें. शब्दांतील तुच्छता गेली तर बरेंच. पण कचेरीच्या पायऱ्या तशाच राहिल्या, आणि नांव बदलल्याच्या समाधानांत उतार बांधण्याचें राहून गेलें. ज्या समाजाला वस्तूपेक्षां तिचें वर्णन अधिक खरें वाटतें, त्याला जडवादी म्हणणें म्हणजे जडवादाची बदनामी आहे.

आतां सर्वांत बळकट आक्षेपाकडे वळतों. जाणता प्रतिपक्षी म्हणेल: ‘दगडधोंड्यांचें सोडा, पण समाज तर खरोखरच मनानें बनलेला आहे. नोट हा कागद असून लोक मानतात म्हणूनच ती पैसा आहे. आणि जात? डॉ. आंबेडकरांनींच १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणांत सांगितलें नाहीं काय, कीं जात ही विटांची भिंत नव्हे, ती एक कल्पना आहे, मनाची अवस्था आहे?’ आक्षेप खरा आहे, आणि त्यानेंच माझा पक्ष सिद्ध होतो. नोट लोक मानतात म्हणून चालते. पण मी एकटा दहाच्या नोटेला शंभरची मानूं लागलों तर वाणी मला साखर देणार नाहीं. समाज मनांचा बनलेला असेल. माझ्या मनाचा बनलेला नाहीं. दुसऱ्यांच्या मनांची भिंत विटांच्या भिंतीहून कठीण असते.

आणि आंबेडकरांनीं त्या सिद्धान्तावरून काय केलें? जात ही कल्पना आहे, तेव्हां अस्पृश्यांनीं स्वतःला स्पृश्य समजावें आणि स्वस्थ बसावें, असें ते म्हणाले नाहींत. ज्या शास्त्रप्रामाण्यावर ती कल्पना उभी आहे, त्यावरच त्यांनीं घाव घातला. त्याच्या आधींच, २० मार्च १९२७ रोजीं, हजारों माणसांना घेऊन ते महाडच्या चवदार तळ्यावर गेले होते आणि तेथील पाणी ओंजळींत घेऊन प्याले होते. त्यानंतर मार खावा लागला, नगरपालिकेनें आपला ठराव फिरविला, दावे झाले. आणि मुंबईच्या उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल हातीं पडावयास १९३७ साल उजाडलें. एका कल्पनेशीं झुंजावयाला तळें, ओंजळ, वकील आणि दहा वर्षें लागलीं. ध्येयवाद म्हणतात तो हा. ‘आपण आपल्याला बदललें कीं जग बदलतें’ असें सांगणाऱ्या कोणत्याही कार्यशाळेंत ह्या दहा वर्षांना जागा नाहीं.

हें मत इतकें फोफावलें कां, ह्याचेंही कारण उघड आहे. ज्यांच्या हातीं सत्ता आणि संपत्ति आहे, त्यांना तें सोयीचें आहे. कामाचे तास कमी करण्यापेक्षां कामगारांना ताणमुक्तीचें व्याख्यान ऐकविणें स्वस्त पडतें. पाऊस, भाव आणि कर्ज ह्या तिहींनीं गांजलेल्या शेतकऱ्याला मनोबल वाढविण्याचा उपदेश करणें हें भाव देण्यापेक्षां सोपें असतें. त्याला आधार द्यावयास समुपदेशक हवा, ह्यांत वाद नाहीं. पण समुपदेशक हा भावाच्या ऐवजीं नको, भावाच्या जोडीला हवा. तथापि सर्व दोष वरच्यांवर टाकून आपल्याला मोकळें होतां येणार नाहीं. ह्या मालाचें मुख्य गिऱ्हाईक आपला मध्यमवर्गच आहे. आपल्याला मिळालें तें आपल्या विचारांच्या बळावर मिळालें, हें ऐकावयास आपल्याला गोड लागतें. त्यांत बापाचें घर, आईची शिकवणी आणि जन्माची जात ह्यांचा हिशोब द्यावा लागत नाहीं.

मूळच्या चिद्वाद्यांना मी अखेरीं पुन्हा एकदां वंदन करतों. कारण त्यांनीं आपल्या मताची ही गत होऊं दिली नसती. बर्क्ले आयर्लंडमधील क्लॉइन येथें बिशप असतांना भोंवतालीं दारिद्र्य आणि रोगराई होती. जड द्रव्य नाहीं असें सिद्ध करणाऱ्या ह्या माणसानें १७३५ पासून देशाच्या दारिद्र्यावर प्रश्नांमागून प्रश्न छापले. शेतीविषयीं, उद्योगाविषयीं, बँकेविषयीं. रोग्यांना त्यानें ‘तुमचें दुखणें हा भ्रम आहे’ असें सांगितलें नाहीं; त्यानें त्यांना डांबराचें पाणी पाजलें, आणि १७४४ सालीं त्या औषधावर ग्रंथ लिहिला. औषध कुचकामाचें होतें. पण त्या पेल्यांत एक गोष्ट शाबूत होती: समोरचें माणूस खरें आहे, त्याची वेदना खरी आहे, आणि तिच्यावर उपाय माझ्या विचारांत नसून माझ्या हातांनीं करावयाचा आहे, ही जाणीव. आमच्या स्वस्त आवृत्तींतून नेमकें हेंच पान गळलें आहे.